दंडावर न कळणारा रक्तदाब

रक्तदाब हा शब्द आतां केवळ वैद्यांच्या बोलण्यांतला राहिलेला नाहीं. तो घरोघरीं रुळला आहे. दंडाला पट्टा गुंडाळावा, त्यांत हवा भरावी आणि १२०, ८० असे दोन आंकडे वाचावे, ही क्रिया शहरांतील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. ते दोन आंकडे ठीक असले म्हणजे घरांतील मंडळी निश्चिंत होतात. परंतु मनुष्याच्या शरीरांत रक्ताचे दोन फेरे चालतात आणि दंडावरचा पट्टा त्यांपैकीं एकाचाच दाब सांगतो. दुसरा फेरा हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांत जाऊन डाव्या बाजूस परत येण्याचा. या फेऱ्यांतील दाब वाढला तरी दंडावरचे आंकडे अगदीं निर्दोष असूं शकतात. हृदयरोग्याच्या ठिकाणीं हा लपलेला दाब कसा ओळखला जातो, आणि तो वेळीं ओळखल्यानें काय साधतें, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

निरोगी मनुष्य स्वस्थ बसला असतां त्याच्या फुप्फुसांतून दर मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त जातें. तितकेंच रक्त उरलेल्या सर्व शरीरांतूनहि जातें. पण शरीराच्या फेऱ्यांत सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरांच्या आसपास असतो, तर फुप्फुसांच्या फेऱ्यांत तो अवघा १४ च्या जवळपास असतो. याचें कारण असें कीं, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचें जाळें विस्तीर्ण, आंखूड व लवचिक आहे. उंच टाकींत पाणी चढविणारा पंप आणि संत्र्याच्या बागेंत पाटानें पाणी खेळविणारा पंप यांच्यांत जो फरक, तोच हृदयाच्या डाव्या व उजव्या बाजूंत आहे. उजव्या बाजूला फारसा जोर करावा लागत नाहीं, म्हणून तिच्या खालच्या कप्प्याची भिंतहि पातळ, जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर जाडीची असते. तिला थोडक्या दिवसांत मोठा भार उचलावयास लावणें म्हणजे बागेच्या पंपाकडून टाकी भरून घेणें होय.

हा भार बहुधा येतो तो डाव्या बाजूच्या दोषामुळें. पाटाचें पुढचें तोंड बुजलें तर पाणी मागें तुंबतें; त्याचप्रमाणें डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप अरुंद झाली, अथवा डावा खालचा कप्पा हृदयविकाराच्या झटक्यानें दुबळा किंवा अनेक वर्षांच्या रक्तदाबानें व मधुमेहानें ताठर झाला, तर फुप्फुसांतून येणारें रक्त तेथेंच अडतें व मागचा दाब चढतो. साऱ्या जगांत फुप्फुसांतील रक्तदाब वाढण्याचें सर्वांत मोठें कारण हेंच आहे. आरंभीं ही नुसती तुंबी असते. पुढचा अडथळा दूर केला कीं ती ओसरते. परंतु ती वर्षानुवर्षें राहिली तर लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊं लागतात, आणि मग अडथळा काढल्यावरहि दाब पूर्णपणें उतरत नाहीं. जन्मतः हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेल्या मुलांत प्रकार निराळा असतो. तेथें डाव्या बाजूचें जास्तीचें रक्त छिद्रावाटे उजवीकडे जाऊन फुप्फुसांत लोटतें आणि तेथील वाहिन्यांना कठीण करून टाकतें.

नागपूर शहराला या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. १९४७ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला नागपूरकर नुसतें ‘मेडिकल’ म्हणतात, त्याचें सुपर स्पेशालिटी रुग्णालय, ‘मेयो’ या जुन्याच नांवानें ओळखलें जाणारें इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहान भागांतील एम्स या संस्थांकडे केवळ शहरांतील नव्हे, तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील आणि शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रोगी येतात. गडचिरोलीहून नागपूर गांठावयाचें म्हणजे दीडशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास. असा रोगी वारंवार येऊं शकत नाहीं. तेव्हां जी एक तपासणी होईल तिनें शक्य तितकें सांगितलें पाहिजे, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर असला पाहिजे.

लक्षणांवर विसंबून राहतां येत नाहीं, ही यांतली मोठी अडचण होय. जिना चढतांना धाप लागणें, लवकर थकवा येणें, सायंकाळीं पावलांवर सूज दिसणें, क्वचित् घेरी येणें, हींच काय तीं चिन्हें. पहिल्यांपहिल्यांदां तीं वयावर, वजनावर किंवा घरकामाच्या शिणावर ढकललीं जातात. तरुण स्त्रीच्या बाबतींत तर अंगांत रक्त कमी आहे असें म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लहानपणीं घसा सुजून नंतर सांधे धरणारा ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला असेल, आणि त्यानें झडपेवर आपला व्रण ठेवला असेल, याची आठवण घरांत कोणालाच नसते. पुष्कळदां ती स्त्री गर्भवती झाल्यावर, म्हणजे अंगांतील रक्ताचें प्रमाण वाढल्यावरच, झडपेचा दोष उघडकीस येतो. अशा वेळीं कांठीनें पाण्याचा ठाव घ्यावा तसा, शरीराला न दुखवितां आंतील दाबाचा अदमास घेणारें साधन हवें असतें.

तें साधन ध्वनीनें पुरविलें, आणि त्याचा इतिहास याच रोगाशीं निगडित आहे. स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर नांवाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्या काळीं अरुंद झडप शस्त्रक्रियेनें मोकळी करण्यास सुरुवात झाली होती. पण झडप अरुंद आहे कीं गळकी आहे, हें शस्त्रक्रियेपूर्वीं खात्रीनें सांगतां येत नसे, आणि गळक्या झडपेवर ती शस्त्रक्रिया केली तर उलट अपाय होई. एडलर यांनीं पदार्थवैज्ञानिक हेल्मुट हर्ट्झ यांचें साहाय्य घेतलें. जहाजाच्या कारखान्यांत धातूंतील अदृश्य भेगा शोधण्यासाठीं कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींचें एक यंत्र वापरीत असत. तें हर्ट्झ यांनीं मागून आणलें, आणि १९५३ सालीं या दोघांनीं जिवंत हृदयाच्या हालचालींचा प्रतिध्वनि टिपला. आज गल्लोगल्लीं ज्याला ‘टू-डी इको’ म्हणतात त्या तपासणीचा हा उगम होय. तिच्यांत क्ष-किरण नसतात, सुई नसते, आणि ती गर्भवती स्त्रीलाहि निर्धास्तपणें करतां येते.

चित्र दिसलें तरी दाब कसा दिसावा? दाबाला रूप नसतें. येथें दोन जुने सिद्धांत कामीं आले. अजनी किंवा इतवारी स्थानकाजवळ उभें राहिलें असतां येणाऱ्या गाडीची शिटी उंच स्वराची वाटते व गाडी पुढें निघून जातांच तिचा स्वर उतरतो, हा अनुभव सर्वांचा आहे. हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरींत असा फरक पडतो, हें क्रिस्टियन डॉप्लर यांनीं १८४२ सालीं प्राग येथें मांडलें. १८४५ सालीं नेदर्लंड्समधील उट्रेक्टजवळ आगगाडीवर तुताऱ्या वाजविणारे लोक बसवून त्याचा पडताळाहि घेण्यांत आला. रक्तांतील पेशींवरून परतणाऱ्या ध्वनींत हाच फरक मोजला कीं रक्ताचा वेग कळतो. दुसरा सिद्धांत डॅनिएल बर्नुली यांच्या १७३८ सालच्या ग्रंथांतला: वाहणाऱ्या द्रवाचा वेग व त्याचा दाब हे परस्परांशीं बांधलेले असतात. अरुंद फटींतून रक्त किती वेगानें उसळतें हें कळलें म्हणजे फटीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत किती अंतर आहे हें गणितानें काढतां येतें.

ही फट निसर्गानेंच ठेवलेली आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप पुष्कळ माणसांत किंचित् गळते, आणि उजव्या बाजूचा दाब वाढला म्हणजे ही गळती बहुधा अधिक स्पष्ट होते. १९८४ सालीं अमेरिकेंतील योक व पॉप यांनीं असें दाखवून दिलें कीं, या गळतीच्या धारेचा वेग मोजून उजव्या खालच्या कप्प्यांतील दाबाचा चांगला अंदाज करतां येतो. गणित सोपें आहे. दर सेकंदाला जितके मीटर वेग असेल त्या संख्येचा वर्ग करावा, त्याला ४ नें गुणावें, आणि वरच्या कप्प्यांतील दाब त्यांत मिळवावा. वेग ३ मीटर असेल तर ३६; वरच्या कप्प्याचे ५ धरले तर एकूण ४१. वेग ४ मीटर झाला तर पहिलीच संख्या ६४ होते. फुप्फुसाच्या धमनीचें तोंड अरुंद नसेल तर हृदय आकुंचन पावत असतांना त्या धमनींतहि हाच दाब असतो.

याच गणितांत एक धोका दडलेला आहे. वेगाचा वर्ग होत असल्यामुळें वेगांतील लहानशी चूक दाबांत मोठी होऊन बसते. ३ च्या जागीं ३.३ वाचले गेले तर ३६ चे सुमारें ४४ होतात. ध्वनीची लहर धारेच्या सरळ रेषेंत न पडतां तिरकी पडली तर वेग खऱ्याहून कमी दिसतो. कांहीं रोग्यांत मोजण्याजोगी गळतीच नसते, आणि फुप्फुसें फुगलेलीं असतील तर चित्रहि अंधुक येतें. म्हणून २०२२ सालच्या युरोपीय मार्गदर्शनांत या वेगावरून दाबाचा निर्णय न देतां केवळ संभव सांगावा असें ठरविलें आहे. वेग २.८ पर्यंत असून दुसरी खूण नसेल तर संभव कमी, ३.४ च्या वर असेल तर संभव मोठा. मधल्या पट्ट्यांत असेल तर इतर खुणा पाहाव्या.

या इतर खुणा चित्रांत दिसतात व त्या ओळखण्यांतच तपासनीसाचें कौशल्य आहे. एरवीं डाव्या खालच्या कप्प्याचा आडवा छेद वर्तुळासारखा गोल असतो. उजवीकडचा दाब वाढला कीं मधला पडदा डावीकडे दाबला जाऊन तो छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसूं लागतो. उजवा खालचा कप्पा, जो डाव्याहून लहान दिसावयाचा, तो त्याच्याहून रुंद होतो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनींतील रक्त आपला कमाल वेग फार लवकर, १०५ मिलिसेकंदांच्या आंतच, गांठतें. पोटाकडून हृदयाकडे येणारी मोठी शीर २१ मिलिमीटरांहून अधिक फुगते आणि श्वास आंत घेतांना जशी मिटावयास हवी तशी मिटत नाहीं. अशा खुणांचे तीन गट कल्पिले असून, निरनिराळ्या दोन गटांतील खुणा आढळल्या तरच संशयाला बळकटी आली असें मानतात.

संशय आणि निश्चय यांतील अंतर किती मोठें असूं शकतें याचा एक धडा विदर्भाच्या जिव्हाळ्याचा आहे. ज्या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात तो सिकलसेल रोग या भागांत बराच आढळतो. मध्य भारतांतील त्याच्या अस्तित्वाविषयींचा लेख नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनीं १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला होता. या रोगांतहि फुप्फुसांतील रक्तदाब वाढूं शकतो. २००४ सालीं अमेरिकेंत १९५ सिकलसेल रोग्यांची इको तपासणी झाली, तेव्हां जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या रोग्यांत गळतीचा वेग २.५ किंवा त्याहून अधिक आढळला, आणि त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाणहि जास्त होतें. त्यावरून इतक्या साऱ्या रोग्यांना हा विकार आहे असा समज पसरला. पुढें २०११ सालीं फ्रान्समधील ३९८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यांचा वेग अधिक होता त्यांच्या हृदयांत नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजण्यांत आला, तेव्हां खरा विकार अवघ्या २४ जणांत, म्हणजे शेंकडा ६ जणांत निघाला. ज्यांच्यावर चित्रानें बोट ठेवलें होतें त्यांतील चौघांपैकीं एकालाच तो होता. याचा अर्थ चित्र खोटें होतें असा नव्हे. वेग वाढलेला रोगी जोखमींतला असतो हें खरेंच ठरलें; पण त्याची जोखीम आणि हा विकार या दोन गोष्टी एक नव्हेत, हें मात्र त्यानें शिकविलें.

प्रत्यक्ष मापन करणाऱ्या नळीची कथाहि प्रसिद्ध आहे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्डे येथें वर्नर फॉर्समान या तरुण डॉक्टरांनीं स्वतःच्याच दंडाच्या शिरेंतून नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलींत जाऊन तिचें छायाचित्र काढून घेतलें. कूर्नां व रिचर्ड्स यांनीं अमेरिकेंत त्या युक्तीचें शास्त्र बनविलें, आणि १९५६ सालीं तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालें. नळीनें मोजलेला सरासरी दाब २० पेक्षां अधिक असेल तर तो विकार समजावा, अशी आजची व्याख्या आहे. २०१८ पूर्वीं ही मर्यादा २५ ची होती. नळीचें दुसरें काम याहून मोलाचें आहे. तिच्या टोंकावरील इवलासा फुगा फुगवून फुप्फुसांतील एक शाखा क्षणभर बंद केली कीं पलीकडून डाव्या बाजूचा दाब जाणवतो. तो १५ च्या वर असेल तर मूळ दोष डाव्या हृदयाचा. तो कमी असेल तर दोष खुद्द फुप्फुसांतील वाहिन्यांचा. अनुभवी केंद्रांत ही तपासणी बरीच सुरक्षित आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ७,२१८ तपासण्यांच्या आढाव्यांत गंभीर त्रास शेंकडा सुमारें एकाला झाला व चौघे दगावले. तथापि ती प्रत्येक हृदयरोग्याला करण्याची नव्हे; जेथें तिच्या उत्तरावर उपचार बदलणार असेल तेथेंच ती करावयाची.

सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. यांचें स्थान या दोहोंच्या मध्यें आहे. सी.टी. मध्यें फुप्फुसाकडे जाणारी मुख्य धमनी शेजारच्या महाधमनीहून रुंद दिसली तर शंका घ्यावी; दुसऱ्याच कारणासाठीं काढलेल्या स्कॅनमध्यें ही खूण पुष्कळदां अनपेक्षितपणें सांपडते. धमन्यांत जुन्या गुठळ्या अडकल्या आहेत काय, फुप्फुसांनाच कांहीं रोग आहे काय, हेंहि तेथें कळतें. एम.आर.आय. उजव्या खालच्या कप्प्याचें आकारमान व जोर यांचें सर्वांत विश्वसनीय माप देतो. मात्र त्याला वेळ व खर्च दोन्ही अधिक लागतात. या दोन्ही तपासण्या इकोची जागा घेत नाहींत; इकोनें उभे केलेले प्रश्न त्या पुढें नेतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, तोच आंकडा निरनिराळ्या रोग्यांत निरनिराळे हुकूम देतो. झडप अरुंद असलेल्या रोग्याला त्रास जाणवत नसला तरी फुप्फुसांतील दाब ५० च्या वर गेला असेल, तर आतां थांबूं नये असें युरोपीय तज्ज्ञ सांगतात. झडप योग्य असेल तर छाती न उघडतां फुग्यानें ती मोकळी करतां येते. जपानचे कांजी इनोए यांनीं ही पद्धति १९८४ सालीं प्रसिद्ध केली. तुंबी ताजी असतांना हें झालें तर दाब झपाट्यानें उतरतो. पडद्याला छिद्र असलेल्या मुलाच्या बाबतींत तर वेळ हीच सर्व कांहीं आहे. मोठें छिद्र आरंभींच्या काळांत बंद केलें तर मूल निरोगी आयुष्य जगूं शकतें. परंतु फुप्फुसांतील वाहिन्या कायमच्या कठीण होऊन रक्ताचा ओघ उलट फिरला, ओंठ व नखें निळीं पडलीं, म्हणजे छिद्र बुजविणेंच घातक ठरतें. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनीं १८९७ सालीं वर्णिलेली ही अवस्था आल्यावर शस्त्रवैद्याचे हात बांधले जातात, आणि अशा स्त्रीला गर्भारपण प्राणावर बेतूं शकतें. याच्या उलट, दुबळ्या किंवा ताठर डाव्या हृदयामुळें दाब वाढलेल्या रोग्याला फुप्फुसांतील वाहिन्या सैल करणारीं सिल्डेनाफिल किंवा बोसेन्टान यांसारखीं औषधें सरसकट देऊं नयेत, असा आजचा निर्णय आहे. पुढची वाट बंद असतांना मागून रक्ताचा लोंढा वाढविला तर फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका असतो. तेथें इलाज करावयाचा तो डाव्या हृदयाचा.

या सर्व विवेचनावरून सुबुद्ध कुटुंबांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, घरांत कोणाला हृदयरोग असेल आणि पूर्वीं न लागणारी धाप लागूं लागली असेल, तर दंडावरचा रक्तदाब ठीक आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. इको तपासणी करून घ्यावी, आणि अहवालांत उजव्या बाजूविषयीं काय लिहिलें आहे हें डॉक्टरांना विचारावें. गळतीचा वेग किती, उजवा खालचा कप्पा मोठा झाला आहे काय, मधला पडदा चपटा दिसतो काय, आणि मूळ दोष कोणत्या बाजूचा, हे चार प्रश्न साधे आहेत व त्यांचीं उत्तरें मिळालीं पाहिजेत. दुसरी गोष्ट ही कीं, अहवालांत ‘फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला’ अशी ओळ दिसतांच घाबरून जाऊं नये, आणि शेजारच्या रोग्याला दिलेलें औषध आपल्याही रोग्याला मागूं नये. ती ओळ पुढील तपासाची सूचना आहे. अंतिम निकाल नव्हे.

यासोबत घरांतच करण्याजोगें एक काम आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं. इकोचा प्रत्येक अहवाल तारखेसह एका ठिकाणीं जपून ठेवावा व पुढच्या तपासणीला जातांना बरोबर न्यावा. एका दिवसाच्या आंकड्यांत चूक असूं शकते. पण दोन वर्षांत वेग २.६ वरून ३.१ आणि ३.१ वरून ३.६ वर गेला असेल तर तो चढ डॉक्टरांना फार कांहीं सांगून जातो. गडचिरोलीच्या दूरच्या गांवाहून नागपूरला आलेल्या रोग्याच्या पिशवींत असे तीन जुने कागद नीट ठेवलेले असले, तर झडप केव्हां मोकळी करावी किंवा छिद्र केव्हां बंद करावें याचा निर्णय योग्य वेळीं होण्यास त्यांची मोठी मदत होते.